कोऱ्या कागदावरचं मोर्तब

अंगानं पितळेचा, आकारानं सुपारीएवढा आणि स्वभावानं जरा कडक, असा मी एक जुनं मोर्तब आहे. मित्रांनो, 'अमक्या गोष्टीवर शिक्कामोर्तब झालं' असं तुम्ही बातम्यांत ऐकता ना? त्यातला शिक्का मोठा. सगळा मान तोच घेतो. त्याच्या मागून गुपचूप चालणारं मोर्तब म्हणजे मी.

माझं काम काय होतं ते सांगतो. राजाच्या कचेरीतून हुकूम निघाला की कागदाच्या डोक्यावर शिक्का बसायचा. मग मजकूर. मजकुराचं शेवटचं अक्षर संपलं की त्याला अगदी चिकटून मी बसायचो. इतका चिकटून, की मध्ये तीळसुद्धा मावू नये. माझा अर्थ एवढाच, की लिहिणं इथं संपलं. पुढं कुणी काही लिहायचं नाही. समजा एखाद्या शहाण्याला मागाहून वाटलं, की 'शिवाय ओढ्याकाठचं शेतही यालाच द्यावे' असं हळूच घुसडावं, तर वाटेत मी बसलेला असायचो. लहानसहान कागदांना तर शिक्काही लागत नसे. एकटा मी पुरे व्हायचो.

त्यामुळे मला लांबण लावणारी माणसं आवडत नाहीत. संपलं म्हणजे संपलं. आज मात्र मीच लांबण लावणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

भोरच्या एका ओताऱ्यानं मला ओतलं आणि त्याच्या भावानं माझ्या तोंडावर अक्षरं कोरली. ती त्यानं उलटी कोरली, म्हणून मी आधी चांगलाच खट्टू झालो होतो. वाटलं, हा कसला कारागीर, याला धड लिहिताही येत नाही! मग त्यानं मला शाई लावून कागदावर दाबलं आणि अक्षरं सरळ उमटली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सरळ दिसण्यासाठी नव्हतोच. माझ्या हातून कागदावर सरळ उमटावं, यासाठी होतो.

पुढं संस्थानच्या कचेरीत मी नागोपंतांच्या ताब्यात आलो. नागोपंत म्हणजे सडसडीत, नाकावर चष्मा ओघळलेला, बोलायला अगदी तुटक माणूस. माझं आणि त्यांचं चांगलं जमलं. त्यांची एक रीत होती. कागद लिहून तयार झाला, तरी ते लगेच मला हातात घ्यायचे नाहीत. ज्यांचा कागद असेल त्यांना समोर बसवायचे आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचे. मग विचारायचे, "समजलं का?" नुसती मान हलवलेली त्यांना चालत नसे. "तोंडानं सांगा," म्हणायचे. माणसानं "समजलं" म्हटलं, की मगच माझा नंबर लागायचा. डोंगरातल्या वाड्यांपर्यंत ही गोष्ट पसरली होती. नागोपंतांचं मोर्तब म्हणजे वाचलेलं मोर्तब, असं लोक म्हणत.

एकदा एक वरचा साहेब आला. त्याला दूरच्या खोऱ्यात दौऱ्यावर जायचं होतं. म्हणाला, "नागोपंत, कोऱ्या कागदावर मोर्तब करून द्या. मजकूर मी तिकडं भरतो. सारखी ये-जा कोण करणार?" नागोपंतांनी मला उचललं आणि कनवटीला लावलं. "साहेब, मजकूर आणा. मोर्तब कुठं पळून जात नाही." साहेब लाल झाला. त्याचं फळ नागोपंतांना भोगावं लागलं. बरोबरीचे लोक वर चढत गेले आणि नागोपंत होते तिथंच राहिले. शेवटपर्यंत कारकून. घरी याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही, पण घरच्यांना ते डाचत राहिलं.

मग देश स्वतंत्र झाला आणि संस्थान विलीन झालं. मोठे शिक्के जमा करून घेतले. माझी वेळ आली तेव्हा मोजणारे गृहस्थ हसले. "एवढंसं तर आहे. घरी न्या, आठवण म्हणून ठेवा." असा मी नागोपंतांच्या घरी आलो, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत.

आणि तिथं मला वसंत भेटला. नागोपंतांचा नातू. आजोबांच्या मांडीवर बसून तो मोडी अक्षरं शिकला. नागोपंत गेल्यावर माझं सगळं तोच बघायचा. चिंचेनं घासायचा, मऊ फडक्यानं पुसायचा, दसऱ्याला कुंकू लावायचा. घरी पाहुणे आले की मला तळहातावर घेऊन म्हणायचा, "हे आमच्या आजोबांचं मोर्तब." त्याच्या आवाजात जे असायचं ना, त्यानं मी विरघळून जायचो. तुमच्यापासून काय लपवायचं? मला त्याचा लळा लागला होता.

वसंत मोठा झाला आणि एका कचेरीत नोकरीला लागला. तिथं रबरी शिक्के होते. संध्याकाळी घरी आला की गमतीनं सांगायचा, "आम्ही सकाळी आल्या आल्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर धडाधड शिक्के मारून ठेवतो. मजकूर मागनं भरायचा. गर्दीच्या वेळी खोळंबा नको." हे ऐकून मी नाक मुरडायचो. पण तोंडानं काही बोलता येत नव्हतं. आणि येत असतं तरी बोललो नसतो, कारण वसंत माझा होता.

वसंत वसंतराव झाला, निवृत्त झाला, डोक्यावरचे केस गेले. मुलगा प्रद्युम्न शिकायला इंग्लंडला गेला. घर शांत झालं. त्या शांत घरात एक दिवस विंझरचा कुमार आला.

कुमार जमिनीचे व्यवहार जमवून द्यायचा. पुण्याच्या लोकांना डोंगरउतारावर बंगले हवे असतात, ते तो बघायचा. बोलणं असं, की दगडालाही पाझर फुटावा. वेल्ह्याच्या हद्दीला टेकून जांभूळटेंभ म्हणून एक वाडी आहे, तिच्या वरच्या अंगाला हिरड्याचं रान आहे. ते रान कुणा एकाचं नाही. उन्हाळ्यात सगळी वाडी मिळून हिरडा गोळा करते, वाळवते, विकते. घरटी वाटा ठरलेला. विधवा बाईला आधी, धडधाकटाला नंतर, अशी त्यांची रीत. या रानावर कुमारचा डोळा होता.

"काका," कुमार म्हणाला, "तुमच्या आजोबांनी आख्खा जन्म कचेरीत घासला. त्यांना काय मिळालं? बाकीच्यांना इनामं मिळाली. तुमच्या घराण्याच्या नावावर काय हाय?"

जिथं दुखत होतं, तिथंच त्यानं बोट ठेवलं होतं.

"एक कागद असता," कुमार म्हणाला, "तर जांभूळटेंभचं रान तुमचंच म्हणायला कोण आडवं आलं असतं? मोडी तुम्हाला येतं. मोर्तब तुमच्या घरात हाय."

मित्रांनो, मला वाटलं, वसंतराव आता याला दारातून बाहेर काढतील. ते उठले. पण दाराकडं गेले नाहीत. नागोपंतांच्या पेटीकडं गेले आणि तळाशी राहिलेला एक जुना पिवळा कागद काढला.

मग त्यांनी शाई कालवली.

इतक्या वर्षांनी शाईचा वास आला आणि मी हरखून गेलो. आता सांगायलाही लाज वाटते. मला वाटलं, मला पुन्हा काम मिळालं! वसंतरावांनी मला शाईत बुडवलं, हलक्या हातानं झटकलं आणि कागदावर दाबलं. मी सवयीनं शेवटचं अक्षर शोधायला लागलो. ते नव्हतं. त्याच्या आधीचंही नव्हतं. वर सगळं कोरं होतं. ज्या कोऱ्या कागदासाठी नागोपंतांनी सगळं आयुष्य कारकुनीत काढलं, त्याच कोऱ्या कागदावर मी उमटलो होतो. आणि मला दाबणारा हात नागोपंतांच्या नातवाचा होता.

त्यांनी असं आधी मोर्तब आणि मग मजकूर का केलं, सांगू? काही डाव नव्हता त्यात. कचेरीतली सवय! आधी शिक्के, मग मजकूर. शाई वाळेपर्यंत चहा.

मग त्यांनी बोरूनं लिहायला घेतलं. 'नागोपंत यांनी इमानेइतबारे सेवा केली, सबब जांभूळटेंभचे हिरड्याचे रान त्यांजकडे दिले असे, वाडीचे लोकांनी तेथे जाऊ नये.' इमानेइतबारे! अक्षर अगदी नागोपंतांसारखं वळणदार आलं. खालची जागा थोडी कमी पडली, म्हणून शेवटच्या अक्षराचं शेपूट माझ्या ठशावरून गेलं. त्याकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

आठवड्याच्या आत जांभूळटेंभच्या मारुतीच्या देवळात वाडी गोळा झाली. वसंतरावांनी मला सदऱ्याच्या खिशातून नेलं होतं. कुमारनं कागद पसरला. वसंतरावांनी मला तळहातावर ठेवलं. "हे बघा. याच मोर्तबाचा ठसा आहे."

वाडीत शब्द चालायचा तो फुलाबाईंचा. वय झालेलं, कंबर वाकलेली, पण नजर तिखट. बाजारच्या दिवशी हिरडा घेऊन त्या एसटीनं भोरला यायच्या, तेव्हा आमच्या घरी पाणी प्यायला थांबायच्या. मला ओळखत होत्या. त्यांनी कागदावरच्या माझ्या ठशावर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण मला ओळखायला वाचता यायला लागतच नाही.

"नागोपंतांचं हाय," त्या म्हणाल्या. "माजा सासरा सांगायचा. ते वाचून दावल्याबिगर मोर्तब करत नव्हते." मग वसंतरावांकडं बघून विचारलं, "वसंतराव, तुमी वाचून बगितलंय न्हवं?"

"हो, फुलाबाई."

"मंग झालं."

कोंडिबा म्हणून एक म्हातारा मागं बसला होता. तो कुरकुरला, "आगं पर, पिढ्यान् पिढ्या आपुनच तितं जातुया."

"मोर्तब हाय, कोंडिबा," फुलाबाई म्हणाल्या. "उंद्यापासनं रानात कुनी जायाचं न्हाई." आणि त्यांनी वाकून माझ्या ठशाला हात लावला, तो हात कपाळाला लावला.

मला त्या वेळी ओरडायचं होतं. फुलाबाई, यावर विश्वास ठेवू नका, हा कागद वाचलेला नाही, हा कोऱ्यावर केलेला आहे! पण पितळेला आवाज कुठला? आयुष्यभर लोकांनी माझ्यावर भरवसा ठेवावा म्हणून मी झिजलो. आता त्याच भरवशानं त्या बाईचा गळा कापला जात होता, तोही केसानं. वसंतरावांनी मला परत खिशात टाकलं. त्यांच्या छातीचे ठोके मला ऐकू येत होते. ते अगदी नेहमीसारखे पडत होते.

रानाभोवती तारेचं कुंपण आलं. हिरड्याचे दिवस सुरू झाले आणि जांभूळटेंभच्या बायका उंबऱ्यावर बसून राहिल्या. फुलाबाई बाजारला भोरला आल्या, पण रिकाम्या हातानं. आमच्याकडं पाणी प्यायल्या आणि वसंतरावांची ख्यालीखुशाली विचारून गेल्या. एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच उन्हाळ्यात प्रद्युम्न सुटीवर आला. इंग्लंडमध्ये तो तिथल्या जुन्या राजांच्या कागदांचा अभ्यास करतो. पाचसहाशे वर्षांपूर्वीचे, मेंढीच्या कातड्यावर लिहिलेले, खाली मेणाच्या मोहरा लटकणारे कागद. तिथले निवाडे, हुकूम, जमिनींचे वाद. बोलायला लागला की थांबत नाही. एरवी मला हे आवडलं नसतं, पण त्याचं ऐकत राहावंसं वाटायचं.

चहा घेताना वसंतरावांनी त्याच्यापुढं कागद ठेवला. मला कळेना, का? आता वाटतं, त्यांना मुलाच्या डोळ्यांत नागोपंतांचा मान बघायचा होता. तो खोटा का असेना.

प्रद्युम्ननं कागद उन्हाकडं धरला. भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चहाचा कप लांब सरकवला.

"बाबा, मोर्तब आधी उठलंय. अक्षरं नंतर लिहिलीत."

"कशावरून?"

"शेवटच्या अक्षराची शाई मोर्तबाच्या शाईवरून गेलीय. आणि अक्षर पणजोबांचं नाही. तुमचं आहे. मी लहानपणी याच अक्षरावरून गिरवत होतो."

वसंतरावांनी कागद ओढून उलटा ठेवला. प्रद्युम्न म्हणाला, "चला माझ्याबरोबर. फुलाबाईंना तुम्हीच सांगा."

"मी येणार नाही."

"मग मी जातो."

तेव्हा वसंतराव जे बोलले, मित्रांनो, ते मी अजून गिळू शकलेलो नाही. ते म्हणाले, "जा. मी लोकांना सांगेन की आजोबा कोऱ्या कागदांवर मोर्तब करून ठेवायचे. असाच एक कागद घरात सापडला. मजकूर कुणी भरला, मला काय माहीत?"

खोटा कागद लिहिला, ते मी कसंतरी सोसलं होतं. पण आपली कातडी वाचवायला त्यांनी नागोपंतांनाच खोटं पाडलं. ज्या माणसानं कोरा कागद नाकारून सगळं सोसलं, त्याच्या माथी कोरा कागद मारला. हे करणारा माणूस दसऱ्याला मला कुंकू लावायचा. मी त्या दिवशी वसंतला सोडलं. मनातून सोडलं.

प्रद्युम्ननं मला आणि कागदाला घेतलं आणि एसटी धरली. आम्ही वाडीत पोचलो, तर आमच्या आधी बातमी पोचलेली. वसंतरावांनी कुमारला मोबाईल लावला असणार. फुलाबाई मारुतीच्या पारावर बसल्या होत्या, चारपाच माणसं भोवती होती.

"कुमार सांगून ग्येला," त्या म्हणाल्या. "नागोपंत कोऱ्या कागदावर मोर्तब करायचे म्हनं. खरं काय रं पोरा?"

"नाही, आजी. त्यांनी तसं कधी केलं नाही. हे माझ्या बाबांनी केलंय."

मग त्यानं सगळं सांगितलं. अक्षराचं शेपूट दाखवलं. ते दिसायला मोडी यावं लागत नव्हतं. माणसांनी वाकून वाकून बघितलं. दोघं पोरं उठली आणि पक्कड घेऊन कुंपणाकडं निघाली.

फुलाबाई मात्र हलल्या नाहीत. "कागद खोटा. पर मोर्तब तर खरं हाय न्हवं?"

"मोर्तब खरं आहे."

"मंग आमी इस्वास कशावर ठिवायचा?"

प्रद्युम्न हळूहळू म्हणाला, "मी ज्या देशातले कागद वाचतो, आजी, तिथं राजा मेला की त्याचा शिक्का हातोड्यानं फोडायचे. मेलेल्या राजाच्या नावानं मागनं कुणी बोलू नये म्हणून."

"शानी माणसं व्हती," फुलाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढं केला. प्रद्युम्ननं मला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी मला पाराच्या दगडावर उताणं ठेवलं आणि शेजारचा हिरडा फोडायचा दगडी गुंडा उचलला. "तुजी हरकत न्हाई न्हवं?"

"नाही."

तुम्हाला वाटेल, मी घाबरलो. नाही घाबरलो. वाईट एवढंच वाटलं, की हे काम वसंतनं आपल्या हातानं करायला हवं होतं. एकाच घावात माझ्या तोंडावरची अक्षरं चेपली. आता मला शाईत बुडवून कुठंही दाबलं तरी नुसता डाग पडतो. फुलाबाईंनी मला पदरानं पुसून प्रद्युम्नच्या हातात दिलं. इतक्या जपून, जणू मला लागलंच असेल.

मी म्हटलं, सुटलो. रान वाडीला मिळालं, नागोपंतांचं नाव धुऊन निघालं, माझं तोंड बंद झालं. संपलं म्हणजे संपलं.

पण कोंडिबा तेवढ्यात घरी जाऊन आला होता. फडक्यात गुंडाळलेला एक कागद त्यानं आणला होता. त्याच्या आज्याला तंट्यात परत मिळालेल्या वावराचा. इतकी वर्षं त्यानं तो देवाशेजारी ठेवला होता, कधी कुणाला दाखवलाही नव्हता. त्यानं तो भीत भीत प्रद्युम्नपुढं धरला.

"ह्यो बी तसलाच काय?"

तो कागद मला आठवत होता. त्याचा आज्या समोर मांडी घालून बसला होता, आणि "तोंडानं सांगा" म्हटल्यावर लाजत लाजत "समजलं" म्हणाला होता. शेवटच्या अक्षराला चिकटून मी कसा नेमका बसलो होतो!

"हा खरा आहे, कोंडिबा," प्रद्युम्न म्हणाला. "अगदी खरा."

कोंडिबानं माझ्या ठशाकडं बघितलंच नाही. तो प्रद्युम्नच्या तोंडाकडं बघत राहिला, हा खरं सांगतोय की खोटं, ते ओळखायचा प्रयत्न करत. मग त्यानं कागद गुंडाळला आणि तो निघून गेला. त्याला खरं वाटलं की नाही, मला अजून माहीत नाही. त्या वाडीत, आणि आसपासच्या वाड्यांत, माझे असे किती खरे ठसे असतील. आता प्रत्येकाकडं लोक असंच बघणार. ते मी कशानं पुसू?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला तर वसंतनं इतकं जपलं, की शेवटी कामाला लावायला मी हाताशीच होतो. म्हणून माझं मागणं वेगळं आहे. उद्या कुणी तुमची सही मागेल, तुमचं नाव मागेल, 'फक्त हो म्हण' म्हणेल. तेव्हा आधी वर काय लिहिलंय ते वाचा. वर कोरं असेल तर देऊ नका. मागणारा परका असला तर नाही म्हणणं सोपं असतं. माझ्याकडं मागणारा माझा वसंत होता.